अखंड ॲक्सलचा थरकाप

नारायणगाव मागे टाकून आमची जीप नाशिकच्या दिशेने निघाली होती. वेग ताशी सत्तरच्या आसपास, ऊन उतरलेले, शेजारी मेहुणा बसलेला. एका छोट्या पुलाच्या शेवटी काँक्रीट संपून डांबर सुरू होते. तिथल्या उंचवट्यावरून डावे चाक गेले आणि पुढच्याच क्षणी स्टेअरिंग हातातून निसटू पाहू लागले. ते डावीउजवीकडे इतक्या झपाट्याने हिसके देत होते की त्याचे आरे दिसेनात. बोनेट थडथडू लागले, डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती खाली पडली. "दाजी, टायर फुटला वाटतं!" मेहुणा ओरडला. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि वेग कमी होण्याची वाट पाहत राहिलो. वेग तिशीच्या खाली आला तसा तो सगळा प्रकार जसा सुरू झाला तसाच अचानक थांबला.

बाजूला थांबून गाडी पाहिली. चारही टायर शाबूत, चाकांचे नट घट्ट, खाली काही लोंबकळत नव्हते. भीतभीत पुढे निघालो. नाशिक येईपर्यंत काहीही झाले नाही.

पुढच्या सात-आठ महिन्यांत मी या दुखण्यासाठी तीन गॅरेजे पालथी घातली. पहिल्याने चाकांचे बॅलन्सिंग केले. दुसऱ्याने स्टेअरिंगचा नवा डॅम्पर बसवला. तिसऱ्याने स्टेअरिंग बॉक्सच बदलायला सांगितले आणि मीही तो बदलला. प्रत्येक इलाजानंतर जीप काही आठवडे शहाण्यासारखी वागे आणि मग एखाद्या खड्ड्यावर तिला पुन्हा तोच झटका येई. कोणीही मला फसवले नव्हते. प्रत्येकाने आपापल्या अनुभवातला सर्वांत संभाव्य भाग बदलला होता. चूक होती ती पद्धतीत, आणि ती ओळखायला मला आधी या आजाराचा इतिहास वाचावा लागला.

एकाच दांड्यावरची दोन चाके

आज आपण चालवतो त्या बहुतेक मोटारींत पुढची दोन चाके एकमेकांपासून सुटी असतात. डावे चाक खड्ड्यात गेले तरी उजव्याला त्याचा पत्ता लागत नाही. ट्रक, एसटी बस आणि जुन्या धाटणीच्या जीप यांची गोष्ट वेगळी. त्यांत पुढची दोन्ही चाके एका सलग, जाड पोलादी दांड्याच्या दोन टोकांना असतात. या लेखात त्याला मी अखंड ॲक्सल म्हणतो. बैलगाडीचा कणा डोळ्यांसमोर आणला तर रचना लगेच कळेल. फरक इतकाच की मोटारीत या कण्याच्या टोकांवर चाके वळवताही यावी लागतात. त्यासाठी प्रत्येक टोकाला एक उभी बिजागरी असते. ती किंगपिनची असते किंवा बॉल जॉइंटची.

या ॲक्सलचे मोठे माहेरघर म्हणजे अमेरिकेतील वजनदार पिकअप ट्रक. आपल्याकडे ज्याला पिकअप म्हणतात त्यापेक्षा हे वाहन बरेच दांडगे. शेतावर, बांधकामावर, घोड्यांचा ट्रेलर ओढायला, हिवाळ्यात पुढे फाळ लावून रस्त्यावरचे बर्फ सारायला ते वापरतात. अशा कामांना अखंड ॲक्सल मानवतो. तो दणकट असतो, त्यात झिजणारे सांधे कमी असतात आणि दुरुस्ती सोपी असते. जनरल मोटर्सने 1988 च्या मॉडेलपासून आपल्या चारचाकी-चालन पिकअपना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिले. फोर्डच्या एफ-250 आणि एफ-350 या चारचाकी-चालन गाड्यांत 1999 च्या मॉडेलपासून मात्र अखंड ॲक्सलच आहे. वजनदार रॅम पिकअप आणि जीप रँग्लर यांनीही तो राखला.

म्हणूनच मला नारायणगावच्या पुढे आलेला अनुभव या गाड्यांच्या चालकांना नवा नाही. तिकडे त्याला 'डेथ वॉबल' असे नाव पडले आहे. नाव भडक आहे, पण ज्याने ते एकदा अनुभवले तो त्याला अतिशयोक्ती म्हणणार नाही. 2019 मध्ये 2005 पासूनच्या एफ-250 आणि एफ-350 गाड्यांतील या थरकापावरून कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात फोर्डविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. त्याच वर्षी फियाट क्रायस्लरने नव्या पिढीच्या जीप रँग्लरला बदललेल्या रचनेचा स्टेअरिंग डॅम्पर मोफत बसवून देण्याचे जाहीर केले. डॅम्परचा हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

शंभर वर्षांचे दुखणे

इंजिनिअर मंडळी या थरकापाला 'शिमी' म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत खांदे थरथरवत करायचा शिमी नावाचा नाच लोकप्रिय झाला होता. मोटारींची पुढची चाके तशीच थरथरू लागल्यावर ते नाव त्यांना चिकटले.

हे दुखणे त्याच दशकात का बळावले, याचे उत्तर बोधप्रद आहे. 1920 च्या दशकात मोटारीत दोन सुधारणा झाल्या. फायरस्टोनने 1923 मध्ये कमी हवेचे, रुंद, फुगीर बलून टायर बाजारात आणले. त्यांनी प्रवास मऊ झाला. त्याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले आणि गाडी थांबवणे सोपे झाले. पण मऊ टायर बाजूलाही अधिक लवचिक असतो आणि ब्रेकच्या ड्रमने चाकाचे वजन वाढते. लवचिकता वाढली, वजन वाढले, रस्ते सुधारून वेगही वाढला. तोवर निमूट असलेला ॲक्सल थरथरू लागला. दोन्ही सुधारणा आपापल्या जागी योग्यच होत्या. बिघाड त्या दोहोंच्या आणि जुन्या ॲक्सलच्या एकत्र येण्यात होता.

1925 मध्ये जॉर्ज ब्रुलिए या फ्रेंच इंजिनिअरने शिमीवर निबंध सादर केला. वळताना टायर ज्या दिशेला तोंड करतो नेमक्या त्याच दिशेने जात नाही, थोडा तिरका सरकतो, ही कल्पना त्याच्या मांडणीच्या मुळाशी होती. आज वाहनांच्या हालचालींचे सगळे शास्त्र या तिरक्या सरकण्यावर उभे आहे, आणि ते सापडले एका त्रासदायक थरकापाचा माग काढताना.

अमेरिकेत हा माग पुढे नेणाऱ्यांत मॉरिस ऑली हा इंग्रज इंजिनिअर महत्त्वाचा. रोल्स-रॉईसमधला अनुभव घेऊन तो 1930 मध्ये डेट्रॉइटला कॅडिलॅकमध्ये आला. अखंड ॲक्सल ठेवून पुढच्या स्प्रिंगा मऊ करायला जावे तर शिमी उफाळून येते, या पेचातून बाहेर पडायचे तर दोन चाकांमधला दांडाच काढून टाकावा लागतो, या निष्कर्षाला ही मंडळी आली. जनरल मोटर्सच्या 1934 च्या मोटारी पुढे स्वतंत्र सस्पेन्शन घेऊन आल्या. फोर्डच्या मोटारींनी मात्र आपला अखंड ॲक्सल आणखी बरीच वर्षे चालवला आणि 1949 च्या मॉडेलमध्ये तो सोडला. मोटारीपुरता प्रश्न सुटला होता. ट्रक, जीप आणि वजनदार पिकअप यांत ॲक्सल राहिला आणि त्याच्यासोबत दुखणेही राहिले.

चाक थरथरते म्हणजे नेमके काय होते?

मॉलमधल्या सामानाच्या ढकलगाडीचे एखादे पुढचे चाक वेगाने ढकलताना फडफडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ते चाक कोणी हलवत नसते. आपण गाडी फक्त पुढे ढकलतो, त्या सरळ रेषेतल्या जोरातला थोडा भाग चाक स्वतःच डावीउजवीकडच्या फडफडीत बदलून घेते. शिमीचे मूळ तेच. थरकापाला लागणारी शक्ती गाडीच्या वेगातून येते. म्हणून वेग उतरेपर्यंत तो थांबत नाही, आणि वेग उतरला की चुटकीसरशी थांबतो.

अखंड ॲक्सलमध्ये ही देवघेव दोन वाटांनी चालते.

पहिली वाट भोवऱ्याच्या गुणधर्माची आहे. सायकलचे सुटे चाक आसाच्या दोन टोकांना हातात धरावे, कोणाला तरी ते जोरात फिरवायला सांगावे आणि मग आस एका बाजूला कलवून पाहावा. चाक कलण्याऐवजी वळू पाहते. हातांना हा झटका अगदी स्पष्ट जाणवतो. आता ट्रककडे या. डावे चाक उंचवट्यावर चढले की दांडा अखंड असल्यामुळे तो पुरता कलतो आणि त्यासोबत दोन्ही फिरती चाके कलतात. कलली की ती वळू पाहतात. वळली की त्या वळण्यातून दांड्याला उलट कलवणारा जोर निर्माण होतो. मग उजवे चाक उचलले जाते, चाके उलट वळतात आणि चक्र सुरू होते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाक वरखाली होताना फारसे कलत नाही, म्हणून तिथे ही साखळी तुटते.

दुसरी वाट स्टेअरिंगच्या जोडणीतून जाते, आणि निदानाच्या दृष्टीने तीच अधिक कामाची. स्टेअरिंग बॉक्स चासीवर पक्का असतो. त्याच्या ड्रॉप आर्मपासून ड्रॅग लिंक नावाची दांडी चाकापर्यंत येते आणि टायरॉड एका चाकाला दुसऱ्याशी जोडतो. म्हणजे ड्रॅग लिंकचे एक टोक चासीच्या बाजूला आणि दुसरे ॲक्सलच्या बाजूला. आता समजा, ॲक्सल चासीखाली पाच मिलिमीटर डावीकडे सरकला. स्टेअरिंगला कोणी हात लावलेला नाही, पण ड्रॅग लिंकची लांबी बदलत नसल्यामुळे चाकांना वळावेच लागते. वळलेल्या चाकांना रस्ता बाजूला ढकलतो, ॲक्सल परत उलट सरकतो आणि चाके उलट वळतात. ही ये-जा सेकंदात सात-आठ ते दहा-बारा वेळा होते.

ॲक्सलला बाजूला सरकू न देण्याचे काम कोण करते? जुन्या जीप आणि ट्रकमध्ये ते पाटे करतात. पाट्यांची चळत भार तर पेलतेच, शिवाय ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवते. पाट्यांऐवजी गुंडाळीची स्प्रिंग आली की गाडी मऊ चालते, पण अशी स्प्रिंग बाजूचा जोर पेलू शकत नाही. त्यासाठी चासीपासून ॲक्सलपर्यंत एक आडवी दांडी लावतात. तिला ट्रॅक बार किंवा पॅनहार्ड रॉड म्हणतात. डॉजच्या चारचाकी-चालन रॅमने 1994 मध्ये, रँग्लरने 1997 च्या मॉडेलमध्ये आणि फोर्डच्या एफ-250, एफ-350 ने 2005 मध्ये पुढे पाटे सोडून गुंडाळीच्या स्प्रिंगा घेतल्या. पूर्वी पाट्यांची अख्खी चळत जे काम करत होती ते आता एका दांडीवर आणि तिच्या दोन टोकांच्या सांध्यांवर येऊन पडले. त्या सांध्यांपैकी एकाचा बोल्ट किंचित सैल झाला की वर सांगितलेल्या ये-जेला मोकळी वाट मिळते.

कारण आणि निमित्त

गॅरेजमध्ये गेल्यावर चालक काय सांगतो? "पुलाच्या सांध्यावर गाडी हादरली." तो खोटे सांगत नसतो, पण सांधा हे निमित्त आहे. त्याच सांध्यावरून शेकडो गाड्या बिनबोभाट जातात. माधवनिदानासारखे ग्रंथ शिकवत आलेल्या आपल्या वैद्यक परंपरेत रोगाचे निदान हा उपचाराआधीचा, स्वतंत्र अभ्यासाचा विषय मानला आहे. गाडीखाली आडवे पडतानाही ही शिस्त उपयोगी पडते. पहिले काम भाग बदलण्याचे नाही, दुखणे नेमके कोणते आहे हे ठरवण्याचे आहे.

स्टेअरिंग हलण्याचे दोन प्रकार असतात. पहिला बॅलन्सिंगचा. 80 सेंटिमीटर व्यासाच्या टायरचा परीघ सुमारे अडीच मीटर असतो. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर, म्हणजे चाकाच्या आठ फेऱ्या. चाकाची एक बाजू जड असेल तर सेकंदाला आठ हलके झटके बसतात. वेग वाढवला की झटक्यांची गतीही वाढते. ही थरथर सपाट रस्त्यावरही येते, बहुधा ठरावीक वेगाच्या पट्ट्यात जाणवते आणि तो पट्टा ओलांडला की ओसरते. दुसरा प्रकार शिमीचा. ती खड्ड्याने किंवा सांध्याने सुरू होते, एकदम पूर्ण जोराने येते आणि वेग बराच उतरल्याशिवाय जात नाही. माझ्या जीपला दुसरा प्रकार होता आणि पहिल्या गॅरेजने पहिल्याचा इलाज केला होता. अर्थात बॅलन्स बिघडलेले चाक शिमीला निमित्त पुरवू शकते, म्हणून बॅलन्सिंग वाया जात नाही. फक्त त्याला इलाज समजू नये.

दुखणे शिमीचे आहे हे ठरल्यावर तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करावी.

सुरुवात टायरपासून. हवा कंपनीने सांगितली तेवढी आहे का, कुठे फुगवटा आहे का, झीज एकसारखी आहे का, रिम वाकलेली आहे का, हे पाहावे. शक्य असेल तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून गाडी चालवून पाहावी. थरकापाचा स्वभाव बदलला तर टायरवर संशय घ्यायला जागा आहे. खर्च काही नाही, मेहनत तासाभराची.

दुसरी पायरी दोन माणसांची. गाडी सपाट जागी, चाके जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना उटी लावलेली. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे. एकाने स्टेअरिंग घड्याळातल्या अकरापासून एकपर्यंत, इतकेच डावीउजवीकडे हलवत राहावे. दुसऱ्याने खाली वाकून एकेक सांधा पाहावा. सांधा पाहायचा म्हणजे दोन भागांच्या मधली हालचाल पाहायची. ड्रॉप आर्म हलला आणि ड्रॅग लिंक क्षणभर उशिरा हलली, तर तो सांधा गेला. टायरॉड एंडची तीच परीक्षा. स्टेअरिंग बॉक्स स्वतःच चासीवर हलतो का, तेही पाहावे. ट्रॅक बार असेल तर त्याच्या दोन्ही टोकांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. बोल्ट घट्ट दिसतो, पण ब्रॅकेटमधले त्याचे भोक घासून लंबगोल झालेले असू शकते. हलणारे भाग बोटे चिरडू शकतात, म्हणून हात लावून पाहायचे असेल तेव्हा स्टेअरिंगवरच्या माणसाला आधी थांबायला सांगावे. या एका परीक्षेत बहुतेक गुन्हेगार सापडतात, आणि गडबडीच्या गॅरेजमध्ये नेमकी हीच परीक्षा राहून जाते, कारण तिला दुसरा माणूस आणि पंधरा मिनिटे शांतता लागते.

तिसरी पायरी चाक उचलून करायची. जॅकने उचललेला ॲक्सल घोडीवर टेकवावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. चाक वर आणि खाली, म्हणजे बाराच्या आणि सहाच्या जागी धरून आतबाहेर हलवावे. खडखड जाणवली तर प्ले एकतर चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे किंवा किंगपिनमध्ये, बॉल जॉइंटमध्ये. दोन्हींत फरक कसा करायचा? साथीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि चाक पुन्हा हलवावे. ब्रेक दाबला की चाक आणि किंगपिनवरचा भाग एकजीव होतात, बेअरिंग मधून बाजूला होते. प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा होता. ब्रेक दाबूनही तो तसाच राहिला तर किंगपिनचा. कोणतेही यंत्र न वापरता दोन संशयितांना वेगळे करणारी ही युक्ती मला सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते.

चौथी पायरी ॲक्सलला धरणाऱ्या भागांची. पाट्यांच्या गाडीत यू-बोल्ट सैल आहेत का, सेंटर बोल्ट तुटला आहे का, शॅकलच्या पिना आणि बुश झिजले आहेत का. गुंडाळीच्या स्प्रिंगांच्या गाडीत ॲक्सलला पुढेमागे धरणाऱ्या दांड्यांचे रबरी बुश फाटले आहेत का.

शेवटी कोन. किंगपिनचा वरचा भाग किंचित मागे झुकलेला असतो, त्या झुकावाला कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो त्याच कारणाने हा कोन देतात. चाक आपणहून सरळ व्हावे म्हणून. तो कमी पडला तर गाडी रस्त्यावर भरकटते, गरजेपेक्षा जास्त झाला तर अखंड ॲक्सलमध्ये शिमीला खतपाणी मिळते. अमेरिकेत पिकअप आणि जीप हौसेने उंच करतात आणि मोठे टायर चढवतात. तसे करताना ॲक्सलचा कोन बदलतो. शिवाय मूळ रचनेत ड्रॅग लिंक आणि ट्रॅक बार जवळपास समांतर ठेवलेले असतात, तेही बिघडते. मग ॲक्सल नुसता वरखाली झाला तरी चाके वळू लागतात. अशा गाडीत एकही सांधा झिजलेला नसताना थरकाप येऊ शकतो.

या सगळ्यात दोन पथ्ये पाळावी लागतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत तारखेसह लिहून ठेवावी. चार भाग एकदम बदलले तर गाडी बरी होईलही, पण कशाने झाली ते कळणार नाही आणि दोन वर्षांनी सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल. दुसरे, ट्रॅक बारसारख्या रबरी बुशच्या सांध्यांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच, कंपनीने सांगितलेल्या जोराने आवळावेत. चाक अधांतरी असताना आवळले तर गाडी खाली येताच बुश पिळला जातो आणि लवकर फाटतो.

डॅम्परचा दिलासा

आता डॅम्परकडे. हा शॉक ॲबसॉर्बरचाच भाऊबंद. आडवा बसवलेला, तेलाने भरलेला. स्टेअरिंग हळू फिरवले तर तो आड येत नाही, पण झटका आला की विरोध करतो. मूळ आराखड्यात त्याला रास्त जागा आहे. रस्त्याचे लहान धक्के हातापर्यंत पोचू न देणे हे त्याचे काम. एखाद्या गाडीत तो स्वतःच कमजोर असेल तर तो बदलणे हाच इलाज असतो.

घोटाळा होतो तो झिजलेल्या गाडीत. नवा, ताठ डॅम्पर थरकापाची शक्ती गिळतो आणि थरकाप थांबतो. चालक खूश, मेकॅनिक खूश, बिलही मोठे नाही. पण सैल बोल्ट सैलच असतो, घासणारे भोक घासतच राहते. फरक एवढाच पडतो की ती झीज सांगणारी खूण बंद झालेली असते. काही महिन्यांनी ढिलाई डॅम्परच्या ताकदीपेक्षा मोठी होते आणि थरकाप परत येतो, तेव्हा तो आधीपेक्षा जोरदार असतो. तापाची गोळी घेऊन कामावर जाणाऱ्या माणसासारखे हे आहे. म्हणून तपासणीच्या काळात डॅम्पर काढून, रिकाम्या रस्त्यावर अगदी कमी वेगात गाडीची चाल पाहणारे मेकॅनिक मला शहाणे वाटतात. त्यांना दिलासा नको असतो, माहिती हवी असते.

आणि रस्त्यात थरकाप आलाच तर? स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, पण त्याच्याशी झुंजू नये. अंगठे आऱ्यांमध्ये अडकवू नयेत. ॲक्सिलरेटर सोडावा, ब्रेक करकचून दाबू नये, मागच्या वाहनांचे भान ठेवून वेग हळूहळू उतरू द्यावा आणि गाडी कडेला घ्यावी. थरकाप थांबल्यावर "गेले एकदाचे" म्हणून पुढे निघालो ती माझी पहिली चूक होती. अशा एका झटक्यात सांध्यांवर आलेला ताण नवी ढिलाई करून जातो. खाली वाकून बोल्ट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जीपचा निकाल

एका रविवारी मेहुण्याला बोलावून मी वरच्या क्रमाने तपासणी सुरू केली. टायर ठीक होते. स्टेअरिंग हलवण्याच्या परीक्षेत टायरॉडचे सांधे शाबूत निघाले, आणि स्टेअरिंग बॉक्स तर नवाच होता. मग चाक उचलले, वरखाली धरून हलवले. बारीक खडखड. "आता ब्रेक दाब," मी म्हणालो. त्याने दाबला. खडखड तशीच. बेअरिंग सुटले, किंगपिन सापडला.

त्या जुन्या धाटणीच्या ॲक्सलमध्ये किंगपिन शंकूच्या आकाराच्या बेअरिंगांवर फिरतो. त्या बेअरिंगांवर थोडा दाब कायम असावा लागतो आणि तो झाकणाखालच्या पातळ चकत्यांनी, म्हणजे शिमने ठरतो. एखादी शिम काढली की झाकण आणखी खाली बसते आणि दाब वाढतो. या दाबाने दोन कामे होतात, प्ले राहत नाही आणि चाक वळताना थोडे घर्षण मिळते. हे घर्षण म्हणजे गाडीच्या पोटात दडलेला डॅम्परच. वर्षानुवर्षांच्या झिजेने तो दाब माझ्या जीपमध्ये उरला नव्हता. एकाच सांध्यात ढिलाई आली होती आणि थरकाप आवरणारे घर्षण गेले होते. बेअरिंग अजून चांगल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या शिम कमी करून दाब पुन्हा बसवला, ग्रीस भरले. सामानाचा खर्च ग्रीस आणि ऑईल सील एवढाच आला. आधीच्या तीन इलाजांचा हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे, तो इथे सांगत नाही.

नंतर एकदा मुद्दाम त्याच पुलावरून गेलो. मेहुणा शेजारी होता. या वेळी त्याने गणपतीची मूर्ती आधीच हातात घेऊन ठेवली होती. सांध्यावर डावे चाक चढले, धप्प आवाज झाला, जीप एकदा डुलली आणि सरळ चालू लागली.